अल्झायमर टाळता येतो का? ओपीडीच्या दारात विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात, मेंदूविकाराच्या ओपीडीत मी समुपदेशनाचं काम करते. आईला, सासऱ्यांना, मोठ्या बहिणीला घेऊन माणसं येतात. केसपेपर, एमआरआयची पिशवी, औषधांची चिठ्ठी असं सगळं आवरून उठतात. दाराशी गेल्यावर बरोबर आलेला मुलगा किंवा मुलगी एक पाऊल मागे येते आणि हळूच विचारते, "मॅडम, मला पण होईल का हो हे?" विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा पंचेचाळीस-पन्नाशीची असते. हा प्रश्न विचारायचं खरं वय तेच आहे, म्हणून हे पान मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांमध्ये उठून विचारलेले प्रश्नही यात घेतले आहेत.

डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच का?

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे लक्षणांना दिलेलं नाव आहे. स्मरण, भाषा, हिशेब, दिशा, निर्णय यांपैकी काही गोष्टी इतक्या ढासळतात की रोजचं जगणं अडायला लागतं. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसाच डिमेन्शियाही अनेक कारणांनी होतो. त्यातलं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये तेच कारण असतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा डिमेन्शियाही बराच दिसतो, आणि उतारवयात पुष्कळांना दोन्ही मिसळून असतात.

१९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ऑगस्टे डेटर नावाच्या त्यांच्या रुग्णाच्या मेंदूत काय दिसलं ते मांडलं. ही बाई पन्नाशीच्या आसपासच आजारी पडली होती. पेशींच्या बाहेर अमायलॉइड प्रथिनाचे साचलेले थर आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते, ही या आजाराची खूण आजही तीच आहे. दाराशी थांबणाऱ्यांना मी पुढची गोष्ट मुद्दाम सांगते. हे थर साचायला लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरुवात होते. पंचाहत्तरीत ज्यांना घरचा रस्ता सापडेनासा होतो, त्यांच्या मेंदूत पहिले बदल झाले तेव्हा ते कदाचित अजून नोकरीत होते, रोज सकाळची लोकल पकडत होते.

"साठी बुद्धी नाठी" म्हणतातच ना? थोडं विसरणं चालायचंच.

ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द, या दोघांनी आपल्याकडे फार नुकसान केलं आहे. वयानुसार मेंदू थोडा मंदावतो हे खरं. नाव जिभेवर येऊन अडकतं आणि तासाभराने आठवतं. चष्मा कुठे ठेवला ते शोधावं लागतं. हे वयाचं. पण चष्मा फ्रिजमध्ये सापडणं, चाळीस वर्षं केलेल्या पदार्थाची कृती मध्येच तुटणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न चौथ्यांदा विचारणं, दादर स्टेशनवर उतरून पूर्व की पश्चिम हे न कळणं, हे वयाचं नाही. भारतात साठी ओलांडलेल्या शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. एकूण सुमारे ८८ लाख माणसं. याचा दुसरा अर्थ असा की साठीनंतरची बहुसंख्य माणसं शहाणीसुरती असतात.

माझी आई गिरगावच्या चाळीत चोवीस वर्षं भिशी सांभाळायची. लांबट वही, लाल रेघा, प्रत्येक नावापुढे सही. एका दिवाळीच्या आधी ती वही माझ्या हातात आली. एकाच महिन्यात एकच नाव दोनदा लिहिलेलं होतं. पैसे एकदाच आले होते, जमा मात्र दोनदा. कमी पडलेले पाचशे रुपये तिने स्वतःच्या बटव्यातून भरले होते. पुढच्या तीन महिन्यांत तेच. म्हणजे तिला चूक कळत होती, आणि ती झाकायची कशी हेही कळत होतं. घरात आम्ही "वय झालं" म्हणत होतो. पहिल्या डॉक्टरांनीही वयच सांगितलं. निदान व्हायला पुढे दोन वर्षं गेली.

तेव्हापासून मी घरच्यांना पहिला प्रश्न विसरण्याबद्दल विचारत नाही. पैशांचे व्यवहार पूर्वीसारखे होतात का, हे विचारते.

आईला आहे. मला होणारच का?

नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो, पण 'होणारच' असं नसतं.

ज्या घराण्यांमध्ये एका बिघडलेल्या जनुकामुळे तिशी-पन्नाशीतच हा आजार पिढ्यान्‌पिढ्या येतो, अशी घराणी फार थोडी आहेत. सगळ्या रुग्णांमध्ये त्यांचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे. बाकीच्यांमध्ये एपीओई नावाच्या जनुकाचा ई४ हा प्रकार धोका वाढवतो. त्याची एक प्रत असली तर साधारण दोन ते तीन पट, आई आणि वडील दोघांकडून मिळून दोन प्रती आल्या तर त्याहून बराच जास्त. तरीही ई४ असलेली कितीतरी माणसं नव्वदीपर्यंत नातवंडांची शिकवणी घेतात, आणि ई४ नसलेल्यांनाही आजार होतो.

आईकडून आलेलं जनुक बदलता येत नाही. पण आईकडून बहुधा आणखीही काही आलेलं असतं: तिच्यासारखा बीपी, तिच्यासारखी साखर, ताटात पापड-लोणचं असल्याशिवाय जेवण न जाण्याची सवय. यातलं बरंच काही हातात आहे.

मग हा आजार टाळता येतो का, हो की नाही ते सांगा.

एका माणसाला 'तुला होणार नाही' अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. कुणी देत असेल तर तो काहीतरी विकतो आहे. मात्र धोका कमी करता येतो आणि आजार पुढे ढकलता येतो. पंचाहत्तरीत येणारा आजार ब्याऐंशीत आला, तर मधली सात वर्षं त्या माणसाने स्वतःच्या हाताने जेवून, स्वतःचं पेन्शन स्वतः काढून जगलेली असतात.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगी चौदा कारणं मांडली: लहानपणी कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि न सुधारलेली नजर. ही सगळी काढून टाकता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे. हा आकडा सगळ्या लोकसंख्येचा आहे. 'मी सगळं केलं तर माझा धोका ४५ टक्क्यांनी कमी' असा त्याचा अर्थ कृपया लावू नका.

चौदा फार झाली. एकच सांगा, आधी काय करू?

बीपी मोजा.

चाळिशी ते साठी या काळातला वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षं मारत राहतो. दुखत काहीच नाही, आणि घात तिथेच होतो. आईला सत्तेचाळिसाव्या वर्षी बीपी निघाला होता. ती गोळी घ्यायची डोकं दुखलं की. ती गेल्यावर कपाटात साड्यांच्या घडीखाली अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या, काही दहा वर्षांपूर्वीच्या. तिच्या आजाराचं कारण तेवढंच होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या पट्ट्या मी अजून टाकलेल्या नाहीत.

अमेरिकेत पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली. ज्यांचा वरचा बीपी १२० च्या आत ठेवला, त्यांच्यात स्मरणशक्तीचा सौम्य बिघाड, म्हणजे डिमेन्शियाच्या आधीची पायरी, १४० च्या आत ठेवलेल्यांपेक्षा कमी लोकांना झाला. मला त्याहून जवळची वाटते ती चीनमधल्या खेड्यांतली चाचणी. ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार लोकांमध्ये अर्ध्या गावांत गावच्याच साध्या आरोग्यसेवकांनी गोळ्या दिल्या, बीपी तपासत राहिले, लोकांना धरून ठेवलं. चार वर्षांत त्या गावांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी झाला. त्यासाठी मोठं हॉस्पिटल लागलं नाही, की महागडं औषधही.

मुंबईत महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त बीपी आणि साखर मोफत तपासतात, आणि अनेक दवाखाने संध्याकाळनंतरही उघडे असतात, म्हणजे कामावरून येताना जाता येतं. लक्ष्य किती ठेवायचं ते तुमचं वय आणि बाकीचे आजार बघून डॉक्टर ठरवतील. ऐंशीतल्या आजोबांचा बीपी फार खाली आणला तर ते बाथरूममध्ये पडतील, तेव्हा गोळ्यांचं प्रमाण स्वतः वाढवू नका. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंदही करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळे.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाजीतलं मीठ कमी करून माणसं समाधानी होतात आणि संध्याकाळी वाटीभर फरसाण खातात. पापड, लोणचं, सुका जवळा, सोडे, बाजारची चटणी, वडापावबरोबरची तळून मीठ लावलेली मिरची, हे सगळं त्याच एका चमच्यात मोजायचं असतं.

साखर आणि कोलेस्टेरॉलचं काय?

मधुमेह मधल्या वयात सुरू झाला आणि ताब्यात राहिला नाही तर धोका वाढतो. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घ्या. लग्नकार्यानंतर एकदाच उपाशीपोटी साखर बघून काही कळत नाही. एलडीएल कोलेस्टेरॉल हे कारण २०२४ च्या यादीत नव्याने आलं, आणि वजनाने ते ऐकू कमी येण्याच्या बरोबरीचं निघालं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीने बुद्धी जाते असे व्हॉट्सअॅपवरचे संदेश वाचून पुष्कळ जण गोळी सोडतात. सोडू नका. काही त्रास वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा.

कानाचा आणि स्मरणशक्तीचा काय संबंध?

सभांमध्ये या प्रश्नावर सगळ्यात जास्त कुजबुज होते, कारण अर्ध्या लोकांची श्रवणयंत्रं घरी कपाटात असतात.

ऐकू कमी यायला लागलं की तीन गोष्टी घडतात असं मानतात. तुटक आवाजातून शब्द जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते. कानाकडून येणारं खाद्य कमी झाल्याने तो भाग सुस्तावतो. आणि माणूस हळूहळू बोलण्यातून अंग काढून घेतो. लग्नात कोपऱ्यातली खुर्ची धरतो, फोन "तूच बोल" म्हणून बायकोकडे देतो. लॅन्सेटच्या हिशेबात ऐकू कमी येण्याचा वाटा ७ टक्के आहे.

अमेरिकेतल्या एका चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रं दिली. सगळ्यांची सरासरी काढली तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्या गटात यंत्र वापरणाऱ्यांची घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली. यंत्र लावून हा फायदा मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तरी नातीचं बोलणं ऐकू आलं.

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तिथे कानाची तपासणी होते, आणि उत्पन्न कमी असेल तर सरकारी योजनेतून यंत्राची सोय होऊ शकते. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. पात्रतेचे नियम अर्ज करताना बघून घ्या.

यंत्र घेतल्यावर पहिला महिना कठीण जातो. कुकरची शिट्टी, पंखा, रिक्षांचे हॉर्न, सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून लोक काढून ठेवतात. रोज थोडा थोडा वेळ लावायचं, आधी शांत खोलीत, मग चार माणसांत. यंत्र आवाजाला जुळवून घ्यायला दोन-तीनदा परत न्यावं लागतं, त्याचा कंटाळा करू नका. तरुणांसाठी एवढंच: गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचून कानात जी शिट्टी वाजत राहते, ती कानाने दिलेली सूचना असते.

आणि मोतीबिंदू?

पिकायची वाट बघू नका. ज्यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण कमी आढळलं आहे.

रोज दोन तास लोकलमध्ये उभा असतो. तो व्यायाम धरायचा का?

नाही हो. ते शरीर शिणवणं झालं. हृदयाचे ठोके वाढले पाहिजेत, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने चालणं म्हणजे व्यायाम. आठवड्याला दीडशे मिनिटं. शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून कट्ट्यावर तासभर बसणाऱ्यांना मी कट्टा सोडा असं मुळीच म्हणणार नाही, कट्ट्याचाही फायदा आहे, तो पुढे येतो. फक्त फेऱ्या चार करा.

वेळच नसेल तर ऑफिसच्या एक स्टॉप आधी उतरा. पुलाचे जिने चढा, सरकत्या जिन्याची रांग सोडून द्या. घरकाम करणाऱ्या बायका म्हणतात, "दिवसभर पायावरच असते." खरं आहे, पण दम लागेल असं सलग चालणं त्यात होत नाही. त्यांना अर्धा तास घराबाहेर पडू देणं ही घरातल्या बाकीच्यांची जबाबदारी आहे.

शब्दकोडी, सुडोकू, मोबाइलवरचे मेंदूचे खेळ यांचा उपयोग होतो?

आवडत असतील तर जरूर सोडवा. पण रोज तेच कोडं सोडवणारा माणूस कोडं सोडवण्यात तरबेज होतो, तेवढंच. मेंदूला नवं, थोडं अवघड आणि माणसांबरोबरचं काम लागतं. पेटी शिकणं, भजनी मंडळात नव्या चाली बसवणं, सोसायटीचे हिशेब ठेवणं, नातवाला जुनं गणित नव्या पद्धतीने शिकवणं.

इथे मुंबईकरांसाठी एक आनंदाची गोष्ट आहे. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमधल्या डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि हा फरक कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही दिसला. घरी मालवणी, बाजारात हिंदी, शेजारच्या बेनशी गुजराती असं दिवसभर बोलणारी मावशी मेंदूचा केवढा मोठा व्यायाम करत असते! तिला "तू अडाणी" म्हणू नका.

बदाम, तूप, हळद, ब्राह्मी, खोबरेल तेल यातलं नेमकं काय घेऊ?

एका पदार्थाने हा आजार टळल्याचा पुरावा नाही. हळदीतला कर्क्युमिन हा घटक पोटातून रक्तात फारच कमी शोषला जातो. खोबरेल तेलाबद्दल ठोस काही नाही. 'मेंदूसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या, जिंकगो या झाडाच्या अर्काच्या गोळ्यांची तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांवर मोठी चाचणी झाली आणि डिमेन्शिया कमी झाला नाही. दरमहा हजार-दोन हजार रुपये या डब्यांवर घालवणारी आणि बीपीची गोळी परवडत नाही म्हणणारी घरं मी बघते, तेव्हा पोटात तुटतं.

एकूण ताट बघा. पालेभाजी रोज, मग ती माठ असो की मेथी की टाकळा. डाळी, उसळी, कडधान्यं. ज्वारी-नाचणीची भाकरी. मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे खावेत, आणि तळण्यापेक्षा कालवणात. मैदा, फरसाण, गोड पेयं कमी. साध्या मराठी घरातल्या जुन्या जेवणापासून हे फार लांब नाही.

रात्री पाच तास झोपतो, चालतं ना?

मुंबईत याचा अभिमान बाळगतात. गाढ झोपेत मेंदू दिवसभराचा रासायनिक कचरा धुऊन काढतो, त्यात अमायलॉइडही असतं. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ पाहणीत, पन्नाशी-साठीत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांमध्ये पुढे डिमेन्शिया जास्त आढळला. झोप त्या चौदा कारणांच्या यादीत नाही, कारण अजून पुरावा तेवढा पक्का मानलेला नाही. पण मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागणं असं असेल तर तपासणी करून घ्या. आणि झोपेच्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून वर्षानुवर्षं घेऊ नका.

बाबांना काही आजार नाही, फक्त ते हल्ली बोलत नाहीत. याचा संबंध आहे का?

असू शकतो, दोन्ही बाजूंनी. नैराश्य हे डिमेन्शियाचं कारणही असतं आणि कधी कधी पहिलं लक्षणही.

गेल्या काही वर्षांत मी एक चित्र फार बघते. चाळ पाडली, पुनर्विकास झाला, चौदाव्या मजल्यावर छान दोन खोल्यांचं घर मिळालं. संडास घरात आला, लिफ्ट आली. आणि गॅलरी गेली. गॅलरीत उभं राहिलं की चार माणसं बोलायची, कुणाची आमटी करपली ते कळायचं, कुणी पाणी भरलं नाही म्हणून हाक मारायचं. आता दार बंद, मुलगा-सून कामावर, समोर टीव्ही. नव्वद दिवसांत माणूस मिटायला लागतो. त्यांना संध्याकाळी खाली सोडायला कुणीतरी हवं. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, मंदिर, पत्त्यांचा डाव, काहीही चालेल, पण ठरलेल्या वेळी त्यांची वाट बघणारं कुणीतरी असलं पाहिजे. मन फार खचलं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

मशेरी लावते, सिगारेट नाही. ती धरायची का?

धरायची. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीन बीपी वाढवतं. अभ्यास मुख्यतः धूम्रपानावर झाले आहेत, पण रक्तवाहिन्यांचं आणि तोंडाच्या कर्करोगाचं भय मशेरीत आहेच. सिगारेट-विडी कोणत्याही वयात सोडली तरी फायदा होतो. दारूचा 'थोडीशी औषध म्हणून' हा डोस मेंदूसाठी कुणीही सुरू करू नये.

डोक्याला मार आणि हवा, यावर आपण काय करणार?

हेल्मेट घाला, मागे बसणाऱ्यानेही. चालत्या लोकलला लटकू नका. घरात ज्येष्ठ असतील तर बाथरूममध्ये आधाराची दांडी आणि रात्रीचा छोटा दिवा लावा, हजारभर रुपयांचं काम आहे.

हवेचं मात्र एकट्याने फार काही होत नाही, आणि ते कबूल करायला हवं. पीएम २.५ या बारीक कणांची वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपलं राष्ट्रीय मानकच ४० आहे. थंडीतल्या धुरकटलेल्या दिवसांत सकाळचं चालणं उन्हं वर आल्यावर करा, बांधकामाच्या बाजूची खिडकी बंद ठेवा, बंद खोलीत डासांची कॉइल जाळू नका. आणि शेजारच्या साइटवर हिरवं कापड आणि पाणी मारणं होत नसेल तर वॉर्ड ऑफिसला तक्रार करा.

नागिणीच्या लसीने अल्झायमर टळतो असं वाचलं. खरं का?

वेल्समधल्या नोंदींवरून २०२५ साली 'नेचर'मध्ये अभ्यास आला. नागिणीची लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या सात वर्षांत डिमेन्शिया सुमारे एक पंचमांशाने कमी दिसला. ती जुन्या प्रकारची लस होती. आशा वाटावी असा निष्कर्ष आहे. पन्नाशीनंतर नागीण टाळण्यासाठी लस घ्यायची का हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. नागिणीच्या वेदना ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना तेवढं कारणही पुरेल.

विसरायला लागलं म्हणजे अल्झायमरच का?

नाही, आणि म्हणूनच लवकर यायला सांगते. बी१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यांनीही माणूस गोंधळतो, आणि वेळेत उपचार झाले तर पुष्कळ सुधारतो. शाकाहारी घरांत बी१२ फार कमी निघतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही ते तपासावं.

काहीच त्रास नाही, तरी रक्त तपासून किंवा जनुकं तपासून बघू का?

लक्षणं नसताना नको. रक्तातलं टाऊ प्रथिन मोजणाऱ्या पी-टाऊ २१७ सारख्या रक्ततपासण्या आल्या आहेत, पण त्या लक्षणं असलेल्यांच्या निदानासाठी. ई४ आहे असं कळलं तरी सल्ला हाच मिळणार: बीपी, साखर, चालणं, कान. रात्रीची झोप तेवढी जाईल.

नवी औषधं आली आहेत म्हणे?

लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही अमायलॉइड काढणारी औषधं अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात ती घसरण थोडी मंदावतात, गेलेलं परत आणत नाहीत. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून वारंवार एमआरआय लागतो. डोनेपेझिल, मेमँटिन ही जुनी औषधं लक्षणं काही काळ सावरतात.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. आता उशीर झाला ना?

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षांची चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि बीपी-साखरेवर लक्ष, सगळं एकत्र. त्यांची बुद्धी केवळ साधा सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. आजोबा, तुम्ही त्याच वयोगटात आहात. कानाची तपासणी या आठवड्यात करून टाका.

मुंबईत कुठे दाखवायचं, आणि येताना काय आणायचं?

केईएम, नायरसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मेंदूविकार आणि मनोविकार विभागांच्या ओपीडी आहेत. सकाळी लवकर या, रांग असते. कुठे जायचं हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी असलेल्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पट्टीसकट आणा, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेल्याही. जुना चष्मा, श्रवणयंत्र लावून आणा. बदल कधीपासून दिसला ते घरून लिहून आणा, कारण आईसमोर तिच्या चुका मोजून दाखवणं तिला फार लागतं. घरात दुधाचा हिशेब, किराणाची वही, बँकेचं पासबुक, भिशीची वही असं काही असेल तर तेही आणा. अक्षर कधी बदललं, बेरीज कुठे चुकायला लागली, ते तिथे तारखेसकट दिसतं.

नंबर यायला तास-दीड तास लागतो. केसपेपर आईच्या नावाचा असला तरी त्या वेळात बाहेर बसलेल्या सिस्टरांना सांगा, त्या तुमचाही बीपी मोजून देतील.